वर्षावनातले बेडूक आणि साप मोजायचे कसे?

इक्वाडोरमधल्या ॲमेझॉनच्या जंगलात सांता सेसिलिया नावाचं ठिकाण आहे. विल्यम ड्यूएलमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने तिथल्या उभयचर आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. जेमतेम तीन चौरस किलोमीटरच्या परिसरात बेडकांच्या ८१ जाती! अख्ख्या युरोप खंडात बेडकांच्या इतक्या जाती नाहीत. पुढे त्याच देशातल्या यासुनी राष्ट्रीय उद्यानाची यादी आणखी लांब निघाली: सुमारे १५० उभयचर आणि १२१ सरपटणारे प्राणी.

हे आकडे वाचून थक्क व्हायला होतं, आणि त्या भरात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. ८१ म्हणजे ८१च कशावरून? ८२ वा बेडूक त्या रात्री झाडाच्या शेंड्यावर बसला नव्हता कशावरून? जंगलात फिरून यादी करणं हे सर्वेक्षणाचं अर्धंच काम. जे दिसलं नाही ते तिथे नव्हतं, की होतं आणि आपल्या नजरेतून निसटलं, हे ठरवणं हे उरलेलं अर्धं काम. माझ्या मते तेच जास्त अवघड आहे आणि त्याबद्दलच सगळ्यात कमी लिहिलं जातं.

आज जगात उभयचरांच्या आठ हजारांहून जास्त आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बारा हजारांच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत. दर वर्षी त्यांत नव्यांची भर पडते, आणि या भरीचा मोठा वाटा उष्ण कटिबंधातल्या जंगलांमधून येतो. नेमकी ही जंगलंच मोजदादीला सगळ्यात अवघड. एक तर जागा उभी आहे. जमिनीखाली देवगांडुळं (गांडुळासारखे दिसणारे बिनपायांचे उभयचर), पालापाचोळ्यात नखाएवढे बेडूक आणि सापसुरळ्या, झुडपांवर सरडे, ओढ्याकाठच्या पानांवर काचबेडूक, आणि तीस-चाळीस मीटर उंचीवर कधी खाली न उतरणाऱ्या जाती. दुसरं म्हणजे बहुतेक मंडळी रात्री बाहेर पडतात. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात त्रासदायक: वर्षावनात मोजक्या जाती भरपूर संख्येने असतात आणि बाकीच्या बहुसंख्य जाती अगदी विरळ. पहिल्या दोन-तीन रात्रींत यादी भराभर वाढते, मग तेच तेच बेडूक भेटत राहतात आणि नवं नाव मिळवायला आठवडे लागतात.

रात्री, विजेरी घेऊन

सगळ्यात जुनी आणि आजही सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे डोळ्यांनी शोधणं. दोन-चार जण अंधार पडल्यावर कपाळाला हेडटॉर्च बांधून निघतात आणि अतिशय हळू चालत पानं, खोडं, दगड, ओढ्याचे काठ न्याहाळतात. विजेरी डोळ्यांच्या पातळीवर धरली की बेडकाचे किंवा पालीचे डोळे चमकून उठतात. सापांचे डोळे तसे चमकत नाहीत, त्यामुळे साप शोधायचा तो फांदीच्या रेषेतली विसंगती ओळखून. दिवसभर सळसळत पळणारे सरडे रात्री फांदीच्या टोकावर गाढ झोपलेले सापडतात, म्हणून सरड्यांसाठीही रात्र चांगली.

हे फिरणं आणि सहल यांत फरक पडतो तो घड्याळामुळे. किती जण, किती वेळ शोधत होते याची नोंद होते आणि हिशेब मनुष्य-तासांत मांडला जातो. चार जणांनी तीन तास शोधलं तर बारा मनुष्य-तास. प्राणी हाताळण्यात, मोजण्यात, फोटो काढण्यात गेलेला वेळ त्यातून वजा करायचा. १९९४ मध्ये अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने उभयचरांच्या मोजणीच्या प्रमाण पद्धतींचं एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात ही शिस्त नीट घालून दिली आहे आणि जगभरच्या क्षेत्रीय कामावर तिची छाप आजही दिसते. "आम्हाला २२ बेडूक सापडले" या वाक्याला स्वतःचा असा काही अर्थ नाही. दहा मनुष्य-तासांत २२ सापडले की दोनशे तासांत, यावर सगळं अवलंबून आहे.

या पद्धतीची खोट म्हणजे माणूस. शोधणाऱ्याची नजर तयार व्हायला वेळ लागतो. एकाच वाटेवरून चालणाऱ्या दोघांना मिळणाऱ्या प्राण्यांत मोठी तफावत पडू शकते. म्हणून जोड्या आलटून-पालटून लावतात. नाहीतर 'अ' जंगलात तरबेज माणूस आणि 'ब' जंगलात नवखा, असं झालं तर आपण जंगलांची नाही, माणसांची तुलना करून बसतो. आणखी एक ओढ असते ती पायवाटेची. वाटेवरून चालणं सोपं, पण वाटेच्या कडेला उजेड जास्त, झाडोरा वेगळा आणि म्हणून प्राणीही वेगळे. त्यामुळे चांगल्या सर्वेक्षणात शोधपट्ट्या आधी नकाशावर आखतात आणि मग झाडी तुडवत तिथेच जातात, आवडो वा न आवडो.

बादल्या, चौकोन आणि कान

पालापाचोळ्यात आणि जमिनीखाली राहणारे प्राणी नुसत्या डोळ्यांना सापडत नाहीत. त्यांच्यासाठी खड्डा-सापळे लावतात. साधारण वीस लिटरच्या बादल्या तोंडाशी जमिनीच्या पातळीला येतील अशा पुरायच्या आणि त्यांच्यामधून प्लास्टिकच्या कापडाचं गुडघाभर उंचीचं कुंपण उभं करायचं. कुंपणाची खालची कड मातीत गाडलेली असते. सरपटत, उड्या मारत निघालेला प्राणी कुंपणाला अडतो, त्याच्या कडेकडेने चालू लागतो आणि बादलीत पडतो. सापांसाठी कुंपणालगत जाळीचे नरसाळ्यासारखे सापळे ठेवतात, कारण अंगाने मोठा साप बादलीतून सहज बाहेर येतो.

ही पद्धत अशा जाती देते ज्या रात्रीच्या शोधात वर्षानुवर्षं दिसत नाहीत. पण झाडांवर राहणाऱ्या बेडकांच्या बोटांना चकत्या असतात, ते बादलीच्या भिंतीवरून आरामात चढून निघून जातात. म्हणजे बादलीत झाडावरचा बेडूक नाही याचा अर्थ एवढाच, की बादली त्याच्यासाठी नाही. यात जबाबदारीही मोठी आहे. बादलीच्या तळाला पाणी जाण्यासाठी भोकं हवीत, आत ओला पाचोळा हवा, आणि रोज किमान एकदा, शक्यतो सकाळी लवकर, प्रत्येक बादली तपासायला हवी. मोठा पाऊस आला की बादली भरते, मुंग्या आल्या की काही तासांत सांगाडा उरतो. काम थांबलं की झाकणं घट्ट लावायची. झाकण न लावता सोडलेली बादली माणसं निघून गेल्यावरही प्राणी मारत राहते. असं करणाऱ्यांना पुन्हा परवानगी मिळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी पद्धत चौकोनांची. पाच बाय पाच किंवा आठ बाय आठ मीटरचा तुकडा आखायचा, चारी बाजूंनी माणसं बसवायची आणि कडेकडून मध्याकडे सरकत हातांनी एकेक पान उचलून बघायचं. कंबर मोडते. पण या पद्धतीचा फायदा असा, की क्षेत्रफळ माहीत असल्यामुळे घनता काढता येते: शंभर चौरस मीटरला किती बेडूक. आणि घनता वर्षानुवर्षं तुलनेला उपयोगी पडते. कोस्टा रिकातल्या ला सेल्व्हा संशोधन केंद्रात १९७० पासून वेगवेगळ्या अभ्यासकांनी असे चौकोन तपासले होते. स्टीव्हन व्हिटफील्ड आणि सहकाऱ्यांनी ३५ वर्षांची ती माहिती एकत्र करून २००७ मध्ये दाखवलं, की सुरक्षित राखलेल्या जंगलातही पाचोळ्यातल्या उभयचरांची घनता सुमारे ७५ टक्क्यांनी घटली होती. पाचोळ्यातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचीही तीच गत. शेजारच्या सोडून दिलेल्या कोकोच्या बागांत मात्र अशी घट दिसली नाही. कोकोची पानं वर्षभर भरपूर गळतात, तिथला पाचोळा जाड राहतो. त्यावरून अभ्यासकांचा संशय हवामानामुळे पातळ होत चाललेल्या पाचोळ्यावर गेला. सुरुवातीला चौकोन मोजणाऱ्यांच्या मनात असं काहीच नव्हतं. त्यांनी फक्त चौकोन किती मोठा होता आणि कधी तपासला हे लिहून ठेवलं होतं.

चौथा मार्ग कानांचा. प्रत्येक जातीच्या नर बेडकाची हाक वेगळी असते, कारण मादीला आपल्याच जातीचा नर ओळखायचा असतो. जे मादीला ओळखता येतं ते सरावाने माणसालाही येतं. शेंड्यावर बसलेला, कधीच हाती न लागणारा बेडूकही आवाजावरून यादीत येतो. बोर्निओमध्ये झाडाच्या ढोलीत राहणारा एक इवलासा बेडूक आहे. ढोलीत पाणी किती आहे त्यानुसार तो आपल्या हाकेचा सूर बदलत जातो आणि ढोली घुमू लागेल असा सूर पकडतो. हे संशोधन २००२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. असा प्राणी डोळ्यांनी शोधणं म्हणजे अंधारात हजारो खोडांची भोकं तपासणं. कानांनी मात्र तो लांबूनच सापडतो.

आता मुठीत मावतील एवढी ध्वनिमुद्रण यंत्रं मिळतात. ती झाडाला बांधून महिनोन्‌महिने ठेवता येतात आणि ठरवलेल्या वेळी थोडं थोडं मुद्रण करत राहतात. पुढे ते हजारो तास ऐकायचे कुणी, हा प्रश्न संगणकावर सोपवला जातो. संगणकाला आवाज शिकवून ठेवले की तो शोधून देतो. अडचण अशी, की वर्षावनातल्या कित्येक जातींचा आवाज आजवर कुणी मुद्रितच केलेला नाही, मग संगणकाला शिकवायचं काय? शिवाय ओरडतात ते बहुतेक नरच, तेही विणीच्या काळात. पाऊस आणि रातकिड्यांचा गोंगाट बरीचशी हाक गिळून टाकतो. सापांसाठी तर ही पद्धत कुचकामीच.

या चार मार्गांशिवायही युक्त्या आहेत. झाडांवर प्लास्टिकच्या नळ्या टांगून ठेवल्या तर झाडबेडूक त्यांत आसरा घेतात. देवगांडुळांसाठी ओल्या मातीत खणण्याला पर्याय नाही. आणि २००८ मध्ये फ्रान्समधल्या तळ्यांच्या नुसत्या पाण्यातून अमेरिकन बुलफ्रॉगचा डीएनए ओळखून दाखवण्यात आला, तेव्हापासून पाणी गाळून त्यातल्या डीएनएवरून प्राण्यांची हजेरी घेण्याचा मार्गही खुला झाला आहे. वाहत्या ओढ्यात तो डीएनए वरच्या अंगाने वाहून आलेला असू शकतो. शिवाय उष्णतेत आणि उन्हात तो लवकर विघटित होतो, म्हणून तो मिळाला नाही तर फार निष्कर्ष काढू नयेत.

कुठलीही एकच पद्धत पुरत नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. प्रत्येक पद्धतीला जंगलाचा एकेक भाग दिसतो आणि बाकीच्या भागाबाबत ती आंधळी असते.

वेळ चुकली की सगळं चुकलं

बेडकाची कातडी पातळ आणि ओलसर असते, त्यातून पाणी सहज उडून जातं. म्हणून कोरड्या रात्री तो बाहेर पडत नाही. काही जाती लख्ख चांदण्यातही दडून राहतात, शिकाऱ्याच्या नजरेत येऊ नये म्हणून. त्यामुळे प्रत्येक फेरीत तापमान, आर्द्रता, मागच्या चोवीस तासांतला पाऊस, चंद्राची कला हे सगळं टिपतात. ही कारकुनी वाटते, पण पुढच्या वर्षी बेडूक निम्मे दिसले तर पहिला प्रश्न हाच येतो: बेडूक कमी झाले, की ती रात्रच कोरडी होती?

काही जातींना तर वर्षात दोन-चार दिवसांचीच खिडकी असते. पश्चिम घाटातला जांभळा बेडूक २००३ मध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉसुइट यांनी शास्त्रीय नाव देऊन जगासमोर आणला. जाडजूड, टोकदार नाकाडाचा, सहज ओळखू येणारा प्राणी. पण तो जवळजवळ सगळं आयुष्य जमिनीखाली काढतो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी विणीपुरता वर येतो. त्या दिवसांत तुम्ही तिथे नसाल, तर उरलेल्या अकरा महिन्यांत कितीही कसून शोधा, यादीत त्याचं नाव यायचं नाही.

कोस्टा रिकातल्या मोंतेवेर्देच्या सोनेरी भेकाची गोष्ट याच्या पुढची आहे. तोही वर्षातले काही दिवसच विणीसाठी डबक्यांवर जमायचा. १९८७ मध्ये तिथे दीड हजाराहून जास्त भेक मोजले गेले. १९८८ मध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९८९ मध्ये एक नर दिसला, त्यानंतर कुणीही नाही. ही नेहमीची चढउतार आहे की प्राणी खरोखर संपला, यावर शास्त्रज्ञांत अनेक वर्षं वाद चालला. पाऊसपाणी चांगलं झालं की ते पुन्हा वर येतील, असं म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद काही वेडगळ नव्हता. अखेर २००४ मध्ये ही जात नामशेष म्हणून नोंदली गेली. 'नाही' हे ठरवायला पंधरा वर्षं लागली.

न दिसलेल्यांचं गणित

समजा एक बेडूक एखाद्या ओढ्यावर नक्की राहतो, आणि एका रात्रीच्या फेरीत तो दिसण्याची शक्यता २० टक्के आहे. वर्षावनात एवढी शक्यताही बरी म्हणायची. पाच रात्री गेलात तर तो निदान एकदा दिसण्याची शक्यता ६७ टक्के होते. दहा रात्रींत ८९ टक्के. ९५ टक्के खात्री हवी तर चौदा रात्री लागतात. आता शक्यता रात्रीला ५ टक्के धरा, जी अनेक सापांच्या बाबतीत वास्तवाला धरून आहे. तेवढ्याच खात्रीसाठी त्याच ओढ्यावर ५९ रात्री जावं लागेल! एवढा वेळ आणि पैसा सहसा कुणाकडेच नसतो.

म्हणून २००२ मध्ये डॅरिल मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी एक वेगळा मार्ग मांडला. एका जागी अगणित वेळा जाण्यापेक्षा अनेक जागी प्रत्येकी काही वेळा जा, आणि प्रत्येक फेरीत दिसला की नाही हे १ आणि ० अशा रूपात लिहा. एखाद्या जागेची नोंद '०, १, ०, ०' अशी असेल तर बेडूक तिथे आहे हे नक्की, पण चारपैकी तीन वेळा तो निसटला हेही त्यातूनच कळतं. अशा सगळ्या जागांवरून निसटण्याचं प्रमाण काढता येतं. मग ज्या जागांची नोंद '०, ०, ०, ०' आहे, त्यांतल्या किती जागी बेडूक असूनही दिसला नसावा, याचा अंदाज बांधता येतो. मूळ निबंधातलं उदाहरणही अमेरिकेतल्या मेरीलँडच्या पाणथळींवर ऐकू येणाऱ्या बेडूक-भेकांचंच होतं. आज वाघांपासून पक्ष्यांपर्यंत सगळीकडे वापरली जाणारी ही पद्धत रुजली ती बेडकांच्या डबक्यांकाठी.

इथे सगळा भार शून्यांवर आहे. कित्येक जुन्या नोंदवह्यांत फक्त सापडलेल्यांची नावं आहेत. कुठे गेलो आणि काय मिळालं नाही, ते कुणी लिहिलंच नाही. अशा वहीचा या गणिताला फारसा उपयोग होत नाही.

दुसरा प्रश्न एकूण जातींचा. यादीत ४२ नावं आहेत, अजून किती बाकी असतील? याचं एक सुरेख उत्तर तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ यांनी १९८४ मध्ये दिलं. त्यामागची कल्पना दुसऱ्या महायुद्धात सांकेतिक लिपी फोडणाऱ्या ॲलन ट्युरिंग आणि त्यांचे सहकारी आय. जे. गुड यांच्या कामातून आलेली आहे. रंगीत गोट्यांच्या पिशवीत हात घालून एकेक गोटी काढत आहात असं समजा. बरेच रंग एकेकदाच आले असतील, तर पिशवीत न दिसलेले रंग अजून भरपूर आहेत. सगळे रंग पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर पिशवी बहुतेक पाहून झाली. म्हणजे न दिसलेल्यांची बातमी, जे जेमतेम दिसले त्यांच्याकडून मिळते. हिशेब असा: ज्या जातींचा एकच प्राणी मिळाला त्यांच्या संख्येचा वर्ग करायचा, आणि ज्यांचे नेमके दोन मिळाले त्यांच्या संख्येच्या दुपटीने भागायचं. ४२ जातींपैकी दहा जातींचा एकेकच प्राणी मिळाला आणि पाच जातींचे दोन-दोन, तर शंभर भागिले दहा, म्हणजे दहा. एकूण अंदाज ५२. आणि हा कमीत कमी आकडा आहे. खरी संख्या याहून जास्तच असू शकते.

दोन जंगलांची तुलना करतानाही हेच भान लागतं. एका जंगलात ४०० प्राणी तपासून ३० जाती मिळाल्या आणि दुसऱ्यात १२० प्राणी तपासून २४, तर पहिलं समृद्ध ठरवण्याची घाई नको. पहिल्या जंगलातले कुठलेही १२०च प्राणी घेतले असते तर किती जाती मिळाल्या असत्या, हे आधी काढतात आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवतात. बऱ्याचदा निकाल उलटा लागतो.

एकाच्या जागी तीन

इतकं सगळं झालं तरी आपण मोजलेली 'जात' खरंच एकच आहे का? पकडलेल्या प्राण्याची नाकाडापासून गुदद्वारापर्यंतची लांबी मोजतात, वजन करतात, पाठ, पोट, बाजू, पायांच्या बोटांमधले पडदे यांचे फोटो काढतात. सापाचे पोटावरचे आणि शेपटीखालचे खवले मोजतात. तो कुठे बसला होता, जमिनीपासून किती उंचीवर, पानावर की खोडावर, हेही लिहितात. तरी दिसायला हुबेहूब सारखे बेडूक डीएनएमध्ये इतके वेगळे निघतात की त्यांना एक जात म्हणणं शक्य नसतं. मादागास्करमधल्या बेडकांवर २००९ मध्ये असा मोठा अभ्यास झाला. त्यात नाव नसलेल्या किमान १२९ आणि कदाचित २२१ पर्यंत नव्या जाती असाव्यात असं दिसलं. म्हणून आता शक्य तिथे कातडीवरून किंवा तोंडातून कापसाच्या बोळ्याने नमुना घेऊन प्राणी सोडून देतात. नवी जात जाहीर करायची तर मात्र बहुधा काही नमुने संग्रहालयात ठेवावे लागतात. यावर आक्षेप घेणारे आहेत आणि त्यांची कळकळ मला समजते. पण पन्नास वर्षांनी कुणाला "हा नक्की कुठला बेडूक होता" हे तपासायचं झालं, तर फोटो बहुतेकदा पुरत नाही. रीतसर परवानगी घेऊन, लागतील तेवढेच, हा मला पटलेला मार्ग आहे.

हाताळताना प्रत्येक प्राण्यासाठी नवा हातमोजा किंवा नवी पिशवी. एका ओढ्यावरून दुसऱ्याकडे जाताना बूट, जाळी, सगळं जंतुनाशकाने धुवायचं. १९९९ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेली एक बुरशी बेडकांच्या कातडीवर वाढते आणि शेवटी हृदय बंद पाडते. या बुरशीमुळे किमान ५०१ उभयचर जातींची घट झाली आणि त्यांतल्या ९० बहुधा नामशेष झाल्या, असा अंदाज २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मोजायला गेलेल्यांनीच बुटाच्या चिखलातून ती पुढच्या ओढ्यात नेली, असं होता कामा नये.

याच बुरशीने पनामातल्या एल कोपेच्या जंगलात आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या गोष्टींची परीक्षा घेतली. कॅरन लिप्स आणि त्यांचे सहकारी तिथे बुरशी पोहोचण्याच्या आधीपासून ठरावीक वाटांवर ठरावीक पद्धतीने मोजणी करत होते. साथ कोस्टा रिकाकडून पुढे पुढे सरकते आहे हे त्यांना दिसत होतं. २००४ च्या अखेरीस ती तिथे पोहोचली आणि काही महिन्यांत ओढ्याकाठी मेलेले बेडूक दिसू लागले. नोंदलेल्या ६३ उभयचर जातींपैकी २५ तिथून गेल्या. आधी जपून ठेवलेल्या नमुन्यांचा डीएनए तपासला, तेव्हा आणखी ११ अनामिक जाती असाव्यात असं २०१० मध्ये कळलं. त्यांतल्या पाच तोवर तिथून नाहीशा झालेल्या होत्या. नाव मिळण्याआधीच.

पुढचा प्रश्न सापांचा होता, कारण तिथले बरेच साप बेडूक किंवा त्यांची अंडी खाऊन जगतात. साथीआधीच्या ५९४ फेऱ्यांत सापांच्या ३० जाती दिसल्या होत्या, साथीनंतरच्या ५१३ फेऱ्यांत २१. इथे कुणीही म्हणेल, नऊ जाती गेल्या. पण यांतले कित्येक साप इतक्या वर्षांत एकदा-दोनदाच दिसलेले. ते गेले की फक्त या खेपेला दिसले नाहीत? एलिस झिपकिन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दिलेलं उत्तर नऊ हा आकडा देत नाही. निसटण्याचं प्रमाण हिशेबात धरून सापांच्या जाती खरोखर घटल्या असण्याची शक्यता ८५ टक्के आहे, एवढंच ते सांगतं. वर्तमानपत्राच्या मथळ्यासाठी हे वाक्य फिकं आहे. पण त्यात किती फेऱ्यांचा घाम आहे, आणि आपल्याला नेमकं किती माहीत आहे, हे दोन्ही प्रामाणिकपणे आलं आहे.

सर्वेक्षणाच्या शेवटी यादी प्रसिद्ध होते, तेव्हा आणखी एक पेच उभा राहतो. नव्या जातीच्या वर्णनासोबत ती कुठे सापडली हे नेमकं देण्याची शास्त्राची जुनी प्रथा आहे. चीनमध्ये १९९९ मध्ये वर्णन झालेली एक रंगीत पाल आणि लाओसमध्ये २००२ मध्ये नाव मिळालेला एक सॅलमँडर (शेपटी असलेला उभयचर) यांच्याबाबतीत हीच माहिती वाचून पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी पकडणारे थेट तिथे पोहोचले. तेव्हापासून अनेक अभ्यासक संग्रहालयाच्या आणि वनखात्याच्या दप्तरात अचूक अक्षांश-रेखांश देतात आणि छापील लेखात फक्त डोंगररांगेचं किंवा जिल्ह्याचं नाव ठेवतात.